परदेशात शिकताना तिथल्या कुटुंबात राहिल्याने माणूस खरंच बदलतो का, की होस्टेलच बरं?

बदलतो. पण सगळे म्हणतात तसं 'आत्मविश्वास वाढतो' वगैरे म्हणाल, तर माझा होता तोही पहिल्याच महिन्यात गेला.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला. घरी नऊ एकर. पऱ्हाटी, तूर, अलीकडे सोयाबीन. जर्मनीत कोलोनला मास्टर्स करायला गेलो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाच्या खर्चाचे पैसे दाखवावे लागतात. 2024 च्या सप्टेंबरपासून तो आकडा 11,904 युरो झाला. आमच्या वेळी कमी होता, तरी बाबांनी दोन एकर गहाण टाकली होती. त्यामुळे बिनभाड्याची खोली म्हटल्यावर मी बाकी काही विचारलंच नाही.

तिथे 'वोनेन फ्युर हिल्फे' म्हणून सोय आहे, मदतीच्या बदल्यात राहणं. घरात एकटं म्हातारं माणूस आणि रिकामी खोली असते. विद्यार्थ्याने भाडं द्यायचं नाही, खोलीच्या दर चौरस मीटरमागे महिन्याला एक तास काम करायचं. वीज, पाणी, हीटरचे पैसे वेगळे. बाग, बाजारहाट, साफसफाई असली कामं. आजारपणातली सेवा त्यात धरत नाहीत. माझी खोली 16 चौरस मीटरची, म्हणून 16 तास.

घरमालकीण 78 वर्षांची आजी. अर्जात मी ऐटीत लिहिलं होतं, शेतकऱ्याचा मुलगा. बागेसाठी तिने त्यावरच मला निवडलं.

मे महिन्यातला शनिवार. तिने वाफा दाखवला, तण काढा म्हणाली आणि आत गेली. मी उकिडवा बसलो. समोर बारीक कातरलेल्या पानांची रोपं. मनात म्हटलं, गाजरगवत! मेलं इथंही पोचलं. आपल्याकडे धुऱ्यावर, बसस्टँडच्या मागे, जिथं तिथं तेच, हात लागला की खाज. ओळ सरळ कशी, हा प्रश्नही पडला नाही. दोन ओळी साफ उपटल्या, माती झटकून ढीग घातला. तिसऱ्या ओळीत बोटांना वास आला. गाजराचा. गाजरगवताला ते नाव त्याच्या गाजरासारख्या पानावरून पडलंय, हे मला कोलोनमध्ये उकिडवं बसून कळलं.

आजी आली. ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही, नुसतं विचारलं, "तुमच्याकडे गाजर होत नाही का?"

होतं की. पण मी जन्मात निंदण केलेलं नव्हतं. आमच्याकडे निंदायला बाया येतात, डवऱ्यामागे सालगडी असतो, आणि मी वावरात दिसलो की बाबा म्हणत, "तू घरी जाय, अभ्यास कर." मी शेतकऱ्याचा मुलगा होतो तो सातबाऱ्यापुरता. आजीने बियांचं पाकीट आणून हातात दिलं, पुन्हा पेरायला लावलं. फ्रिजला दोरीने एक वही बांधलेली असे, तासांची. त्या शनिवारपुढे तिने शून्य लिहिलं.

तिथे दीड वर्ष काढलं. जर्मन बोलता आलं ते त्या स्वयंपाकघरात. जर्मन भाषेच्या बी-वन पातळीचं सर्टिफिकेट आधीच होतं, त्याने दुकानात ब्रेडसुद्धा नीट मागता येत नव्हता. आजी मला शेवटपर्यंत 'झी' म्हणायची, म्हणजे अहो-जाहो. माझ्या घरी मला आजवर कोणी अहो म्हटलेलं नाही.

सुट्टीत गावी आलो तेव्हा श्रावण होता. बायांसोबत निंदायला बसलो. मोठेबाबा धुऱ्यावरून ओरडले, "काहून रे, जर्मनीले निंदाले पाठोलं होतं का तुले?" बाया हसल्या. रात्री मी आपलं ताट घासलं तर आईच ओशाळली. "राहू दे ना बापू, पाव्हणे पाहून राह्यले."

मोठेबाबांचं म्हणणं आजही तेच, एवढा पैसा घालून पोट्टा म्हातारीचा घरगडी झाला. माझं उत्तर एवढंच की घरगड्याला तासांची वही नसते. आमच्या सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं, पुढे कोण मोजतं? पहाटे गोठा, दिवसा वावर, आणि लाइन रात्रीची असली की रात्री ओलीत. मी एका महिन्यात 16 तास करत होतो, तो दीड दिवसात करतो. हे तोंडावर बोललो, तेव्हापासून मोठेबाबा माझ्याशी कामापुरतंच बोलतात. तुमच्याही घरी कोणी 'लोकांच्या घरी भांडी घासायला जातो का' म्हणत असेल, तर आपल्या घरची भांडी कोण घासतं ते आधी विचारा.

होस्टेलचं म्हणाल तर मी तिथे राहिलोच नाही, काय सांगणार. आणि सगळ्यांनाच अशी आजी मिळत नाही. माझ्या ओळखीच्या वाशिमच्या एका मुलाचे तास दर महिन्याला वाढत गेले, शेवटी त्याने खोली सोडली. मुलगी असाल तर खोलीला आतून कडी आहे का ते पाहा. परीक्षेच्या महिन्यात 16 तासही जड जातात. करार लेखीच घ्या, आणि सही करायच्या आधी खोली स्वतः टेप लावून मोजा. माझी 16 ची म्हणत होते, निघाली 15.