कोडिंग येत नाही, खतावणी येते. क्लाउडमध्ये जागा आहे का?

प्रिय विद्यार्थिनीस,

‘दोन महिने मी नुसत्या एक्सेलच्या शीट जुळवत बसले, शिकायला असं काहीच मिळालं नाही,’ हे तुझ्या पत्रातलं वाक्य मी दोनदा वाचलं. त्याच्याशी मी सहमत नाही. का, ते पुढे सांगते.

तू वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहेस. तुझी इंटर्नशिप चालू असताना त्या कंपनीत विक्री, गोदाम, हिशेब आणि तक्रारी असं सगळं ‘एका क्लाउड प्लॅटफॉर्मवर’ आणायचं काम चाललं होतं. जो तो ‘डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन’ म्हणत होता, पण नेमकं काय चाललंय हे तुला कुणी समजावलं नाही. आता तू तीन गोष्टी विचारतेस. हे सगळं असतं तरी काय? कोडिंग न येणाऱ्या मुलीला यात जागा आहे का? आणि एकाच कंपनीचा प्लॅटफॉर्म शिकले नि उद्या तो मागे पडला, तर माझं काय?

क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर भाड्याने घेणं, ही व्याख्या तू ऐकली असशील. ती खोटी नाही, अपुरी आहे. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानकसंस्थेने २०११ मध्ये क्लाउडची पाच लक्षणं सांगितली. त्यांतली दोन धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाची: गरजेप्रमाणे यंत्रणा झटपट वाढवता आणि आटवता येणं, आणि वापराचं मोजमाप होणं. ॲमेझॉनने २००६ मध्ये साठवण आणि सर्व्हर असे भाड्याने द्यायला सुरुवात केली. तुझ्या भाषेत सांगायचं तर जो भांडवली खर्च होता तो महसुली खर्च झाला. यंत्र विकत घ्यायचं नाही, घसारा काढायचा नाही, वापरलं तेवढं बिल भरायचं. नवा उद्योग चालतो की नाही हे पाहायला आधी यंत्रांची खोली उभारावी लागत नाही. मोठा बदल इथून सुरू झाला.

सगळे विभाग असे एकाच प्लॅटफॉर्मवर आले की त्याला ‘एकसंध’ म्हणतात. आता तो शब्द बघू. एका ऑर्डरचा प्रवास डोळ्यांपुढे आण. विक्रीवाल्यांनी ती त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली. मालाचा साठा गोदामाच्या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये. बिल तिसरीकडे, तक्रार चौथीकडे. प्रत्येक विभागाने आपापल्या वेळी, आपापल्या सोयीने घेतलेली ही सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलत नाहीत. मग रोज संध्याकाळी कुणीतरी एक फाइल काढतं, मेलने पाठवतं, दुसरं कुणीतरी ती भरतं. ते कुणीतरी रजेवर गेलं की दुसऱ्या दिवशी गोदामाला कालच्या ऑर्डरचा पत्ताच नसतो.

एकसंध प्लॅटफॉर्म ही फाइलची ने-आण काढून टाकतो. लॉगिन एकच, आणि कुणाला काय दिसावं, कुणी काय मंजूर करावं हे एका जागी ठरतं. ऑर्डर नोंदली गेली की ती घटना एपीआयमधून, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायच्या ठरलेल्या वाटेने, त्याच क्षणी गोदामाला आणि हिशेबाला कळते. ग्राहकाची मूळ नोंद एकच राहते, आणि कुणी कधी काय बदललं याचा माग राहतो. वरिष्ठांना महिनाअखेरीची वाट न पाहता आजचा आकडा दिसतो. मायक्रोसॉफ्टचं फॅब्रिक, एसएपीचा बिझनेस टेक्नॉलॉजी प्लॅटफॉर्म, सेल्सफोर्स ही नावं तू ऐकली असशील. कुणाचा भर विश्लेषणावर, कुणाचा हिशेब-उत्पादनावर, कुणाचा ग्राहकावर. (एक कानगोष्ट: जाहिरातीतला ‘एकसंध’ आणि प्रत्यक्षातला ‘एकसंध’ यांत अंतर असतं. आत डोकावलं तर पुष्कळदा वेगवेगळ्या काळात घेतलेली उत्पादनं एका दारामागे नांदताना दिसतात, आणि ती एकमेकांशी जोडायला वेगळी मेहनत लागतेच.)

इथवर ऐकलं की वाटतं, हे इंजिनियरांचं काम. नळ जोडणं त्यांचं काम आहेच. पण नळातून काय वाहायचं, हे कोण ठरवणार?

करिअर मार्गदर्शनात येण्यापूर्वी मी अशाच प्रकल्पांवर काम करत असे. एका बैठकीत तीन विभागांना विचारलं, ‘तुमचे ग्राहक किती?’ तीन उत्तरं आली, आणि तिन्ही आकड्यांत बरीच तफावत. विक्रीच्या लेखी चौकशी केलेला प्रत्येक जण ग्राहक होता. हिशेबाच्या लेखी ज्याचं खातं उघडलं तो. तक्रार विभागाच्या लेखी वस्तू ज्याच्या हातात आहे तो, मग बिल कुणाच्याही नावावर असो. सॉफ्टवेअर पुरवणारे तंत्रज्ञ हाताची घडी घालून बसले होते, कारण प्रश्न त्यांचा नव्हता. गाडं पुढे सरकवलं ते हिशेब विभागातल्या एका बाईंनी. त्यांनी विचारलं, ‘माल परत आला तर जमा कुणाच्या खात्यात करायची?’ तिथून व्याख्या ठरत गेली. पैसे देणारा, माल घेणारा आणि नुसती चौकशी करणारा, अशा तीन वेगळ्या नोंदी आणि त्यांना जोडणारा एक दुवा.

तो मतभेद प्लॅटफॉर्मने निर्माण केला नव्हता. तो आधीपासून होता, चार सॉफ्टवेअरांच्या भिंतीआड झाकलेला. भिंती पडल्या आणि तो उघडा पडला. तू ज्या शीट जुळवत होतीस त्या बहुधा अशाच भिंतीच्या दोन बाजू होत्या. हे नाव तिकडे का नाही, ही रक्कम इथे दोनदा का आली, हे तू शोधत होतीस ना? या कामाला तिथली माणसं डेटा मायग्रेशनमधलं (म्हणजे जुन्या यंत्रणेतली माहिती नव्या यंत्रणेत नेण्यातलं) रिकन्सिलिएशन म्हणतात, आपण ताळमेळ म्हणू. प्रकल्प रखडतात ते फार वेळा याच पायरीवर.

आणि यात तू नवखी नाहीस. दुहेरी नोंदीची पद्धत छापील पुस्तकात आली ती १४९४ मध्ये, लुका पाचोलीने व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात. रोजकीर्दीत व्यवहार घडले त्या क्रमाने लिहायचे, खाडाखोड करायची नाही, चूक झाली तर उलट नोंद करायची. आजच्या सॉफ्टवेअरमधला इव्हेंट लॉग, म्हणजे घटनांची नोंदवही, याच शिस्तीने चालतो. खतावणी म्हणजे त्याच नोंदी खात्यांप्रमाणे पुन्हा मांडणं. डेटाबेसमधला ‘व्ह्यू’, म्हणजे मूळ नोंदींना हात न लावता त्या हव्या तशा मांडून दाखवणारा तक्ता, याहून फार वेगळा नाही. तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांची नावे आणि जमा बाजू जुळते का, याची पडताळणी. खर्चाला मंजुरी देणारा आणि पैसे देणारा एकच असू नये, हे तू लेखापरीक्षणात शिकलीस; प्लॅटफॉर्मवर परवानग्या ठरवताना नेमकी हीच गोष्ट लागते.

दोन प्रसंग सांगते. नेटफ्लिक्सचा डेटाबेस २००८ मध्ये बिघडला आणि तीन दिवस त्यांना ग्राहकांना टपालाने भाड्याच्या डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी क्लाउडवर जायचं ठरवलं. स्ट्रीमिंग सेवेचं शेवटचं डेटा सेंटर बंद झालं ते जानेवारी २०१६ मध्ये. जुनी यंत्रणा जशीच्या तशी उचलून न ठेवता त्यांनी ती नव्याने बांधली, म्हणून इतकी वर्षं गेली. सगळ्यात शेवटी काय हललं माहीत आहे? बिलिंग, आणि ग्राहक-कर्मचाऱ्यांची माहिती. हिशेबाला हात लावायला सगळेच घाबरतात, आणि घाबरावंच.

दुसरा प्रसंग ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेचा. एप्रिल २०१८ मध्ये तिने आपल्या ५२ लाख ग्राहकांचा कारभार नव्या यंत्रणेवर नेला. माहिती नीट पोचली, पण पोचताच यंत्रणा कोलमडली. ग्राहकांना स्वतःची खाती उघडता येईनात, आणि कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. नियामकांनी २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला. म्हणजे नुसता ताळमेळ पुरत नाही. खरी गर्दी झाल्यावर काय होईल, शाखेतला माणूस नव्या पडद्यावर काम करू शकेल का, बिघडलं तर मागे कसं फिरायचं, हे आधी तपासणारं कुणीतरी लागतं. यातली वापरकर्त्याच्या बाजूची चाचणी धंदा कळणारा माणूसच करू शकतो.

म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो, जागा आहे. बिझनेस ॲनालिस्ट, फंक्शनल कन्सल्टंट, डेटा स्टुअर्ड, वापरकर्ता-चाचणी अशा नावांनी ती जाहिरातींत येते. एक नाव तुला कदाचित नवं असेल: फिनऑप्स. क्लाउडचं बिल वापरावर ठरतं, त्यामुळे चाचणीसाठी सुरू केलेला सर्व्हर बंद करायला कुणी विसरलं तर तो महिनोन्‌महिने बिल वाढवत बसतो. कुठल्या विभागाने किती वापरलं, सामाईक खर्च कसा वाटायचा, पुढच्या तिमाहीचा अंदाज काय, हे बघणारी माणसं लागतात. परिव्यय लेखांकनाचा पेपर तुला आवडतो असं तू लिहिलं आहेस, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पण तांत्रिक काहीच न शिकता चालेल, असं मी म्हणणार नाही. ‘कोडिंगशिवाय सगळं’ असं सांगणारी साधनं सोप्या कामाला उत्तम असतात, अवघड कामाला लागलं की अडतात. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा, तुला आलंच पाहिजे, आणि चांगलं आलं पाहिजे. ते १९८६ पासून प्रमाणित आहे आणि प्लॅटफॉर्म बदलले तरी कामी येतं. तक्ते एकमेकांशी कसे जोडायचे, ही बैठक पक्की कर. एपीआय म्हणजे काय, हे कुणाला तोंडी समजावता येण्याइतपत समजून घे. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा नंतर बघू.

आता तिसरा प्रश्न, आणि तो चांगला आहे. कारण प्लॅटफॉर्म घेणाऱ्या कंपन्यांनाही हीच धास्ती असते. एका पुरवठादाराकडे सगळं दिलं की बाहेर पडणं अवघड. माहिती बाहेर नेण्याचं शुल्क हा त्यातला बोचरा भाग होता. २०२४ मध्ये गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टने सोडून जाणाऱ्या ग्राहकांना ते माफ करायचं जाहीर केलं. युरोपीय संघाचा डेटा कायदा सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून जानेवारी २०२७ पासून पुरवठादार बदलण्यासाठी शुल्क आकारायला त्याची मनाई आहे. पण माझ्या मते शुल्क ही कडी वरवरची. खरं कुलूप म्हणजे त्या प्लॅटफॉर्मच्या पद्धतीने बांधलेल्या शेकडो मंजुऱ्या, अहवाल, आपोआप चालणारी कामं. ती उचलून नेता येत नाहीत.

तुझंही तसंच. कुठलं बटण कुठे आहे एवढंच शिकलीस तर अडकशील. म्हणून प्लॅटफॉर्म एकच निवड आणि वर्षभर त्यालाच धरून राहा, पण शिकलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे वहीत तिचं सर्वसाधारण नाव लिही. फाइली साठवायच्या ज्या सेवेला ॲमेझॉन एस३ म्हणतं तिला मायक्रोसॉफ्ट ब्लॉब स्टोरेज म्हणतं. वस्तू एकाच जातीची. कुठला निवडू, या प्रश्नावर फार रेंगाळू नकोस. ज्या कंपनीत तू काम केलंस तिथे जो होता तोच घे, त्यातली माणसं तुझ्या ओळखीची आहेत.

प्रमाणपत्र पायाभूत पातळीचं एक पुरे. ॲमेझॉनचं क्लाउड प्रॅक्टिशनर किंवा मायक्रोसॉफ्टचं अझूर फंडामेंटल्स, दोन्ही बिगरतांत्रिक लोकांनाही झेपतात. तीन-तीन जमवू नकोस. ‘हमखास नोकरी’ सांगणाऱ्या क्लासला एवढंच विचार: विद्यार्थी स्वतःच्या हाताने काय बांधून बाहेर पडतो, ते दाखवा. सरावासाठी मोफत खातं उघडलंस तर पहिलं काम बजेटची सूचना लावण्याचं. आणि लक्षात ठेव, ती सूचना फक्त सांगते, खर्च आपोआप थांबवत नाही.

परीक्षा झाल्यावर एक काम कर. एक काल्पनिक कंपनी घे. तिच्या ऑर्डर, पाठवलेला माल आणि आलेले पैसे असे तीन तक्ते स्वतः तयार कर, प्रत्येकी दोनशे नोंदींचे. त्यांत मुद्दाम घोळ घाल: एकच ग्राहक दोन स्पेलिंगने, अर्धवट पाठवलेली ऑर्डर, दोन बिलांचे एकत्र आलेले पैसे, परत आलेला माल. आता एसक्यूएल वापरून तिन्हींचा ताळमेळ लाव आणि जिथे जुळत नाही तिथे का जुळत नाही ते दोन पानांत लिही. मुलाखतीला जाताना तीच दोन पानं घेऊन जा.

तयार झालं की मलाही पाठव. पहिल्याच फेरीत फरक शून्य आला असेल तर पाठवण्याआधी पुन्हा बघ. तेरीज जुळली तरी एकमेकींना झाकणाऱ्या चुका आत राहू शकतात, हे तुला वेगळं सांगायला नको.

तुझी,
मार्गदर्शक ताई