गाडी कुठल्या गॅरेजला द्यायची, हे कोण ठरवणार?

प्रश्न : मी कासारवडवलीला राहते. पातलीपाड्याजवळ टेम्पोनं कट मारला आणि माझी दोन वर्षांची इलेक्ट्रिक गाडी दुभाजकावर चढली. पुढचा डावा भाग चेपला, खालूनही घासली. टोइंगवाल्यानं ती वागळे इस्टेटमधल्या, विमा कंपनीच्या यादीतल्या गॅरेजला नेली. मला ती तुर्भ्याच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्यायची आहे. विमा कंपनी फोनवर सांगते, 'मग क्लेम मिळणार नाही.' बाहेरच्या गॅरेजला काम केलं तर वॉरंटी जाईल का, हीही भीती आहे. गॅरेज रोजचे पाचशे रुपये पार्किंग मागतंय. काय करू?

उत्तर : ताई, गाडी तुमची आहे आणि गॅरेज निवडायचा हक्कही तुमचाच. कॅशलेस, म्हणजे बिल कंपनीनं थेट गॅरेजला द्यायचं, ही विमा कंपनीनं त्या गॅरेजशी केलेली व्यवस्था आहे. ती नाकारली म्हणून क्लेम बुडत नाही. तुम्ही आधी बिल भरायचं आणि मग कंपनीकडून पैसे घ्यायचे, एवढाच फरक. फोनवरचं ते वाक्य ईमेलवर द्या आणि पॉलिसीतली अट क्रमांकासह दाखवा, असं आजच कळवा. लेखी मागितलं की अशी बरीच वाक्यं मागे घेतली जातात. मात्र सर्व्हेयरनं, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या विम्याच्या माणसानं, पाहण्याआधी गाडी गॅरेजमधून हलवू नका आणि कुणालाही उघडू देऊ नका. इथे चूक झाली तर कंपनीच्या हाती खरंच कारण सापडेल.

तुम्ही पाठवलेलं वागळेच्या गॅरेजचं एस्टिमेट, म्हणजे खर्चाचा अंदाज, मी दोनदा वाचलं. बंपर, फेंडर, हेडलॅम्प सगळं नीट लिहिलंय आणि शेवटची ओळ आहे, 'बॅटरी ट्रे चेक, लागेल तसं'. माझी काळजी त्या ओळीची आहे. फोटोत ड्रायव्हरच्या सीटखाली ट्रेला, म्हणजे बॅटरी ठेवलेल्या पेटीला, आलेला पोचा स्पष्ट दिसतो. आत शेकडो व्होल्टचा बॅटरी पॅक आहे. त्या ओळीच्या जागी काय हवं, ते गॅरेजला लेखी विचारा : हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेला माणूस कोण, इन्सुलेशन टेस्टचं (वीज बाहेर गळत नाही ना, या चाचणीचं) रीडिंग मिळेल का, पॅक उघडावा लागला तर पाणी न शिरण्याची चाचणी पुन्हा करणार का, आणि रंगाच्या ओव्हनचं तापमान कंपनीच्या मॅन्युअलच्या मर्यादेत ठेवणार का. उत्तर देता येत नसेल, तर त्यांच्याकडून पत्र्याचं काम करून घ्या, बॅटरीला हात लावू देऊ नका.

वॉरंटीचंही तुम्ही विचारलंय. भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४ मध्ये चौदा कारकंपन्यांविरुद्ध आदेश दिला. बाहेरच्या गॅरेजला काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, सदोष दुरुस्तीनं झालेल्या नुकसानापुरतीच नाकारा, असं त्यात म्हटलं होतं. दंडाच्या रकमेवरून पुढे अपिलं झाली. तत्त्व तुमच्या बाजूनं आहे, पण बॅटरीचा बिघाड दुरुस्तीमुळे झाला की आधीपासूनच होता, हा वाद वर्षानुवर्षं चालतो. तुमच्या जागी मी असते तर बॅटरीची तपासणी अधिकृत केंद्रातच करून घेतली असती.

आता पॉलिसी उघडा. नेहमीच्या पॉलिसीत 'बॅटरी' या शब्दापुढे ५० टक्के घसारा, म्हणजे वापरापोटी भरपाईतून होणारी कपात, लिहिलेला असतो. हा शब्द घातला तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बॉनेटखालची छोटी बॅटरी होती, पण मोठ्या पॅकलाही तोच लावला तर लाखोंचा खड्डा पडतो. घसारा न कापणारं झिरो डेप्रिसिएशनचं जादा कवच असेल तर त्यात पॅक धरलाय का, ते शब्दशः बघा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण नुकसान, धरली जाते. तुमचा आयडीव्ही बारा लाख, म्हणजे नऊ लाखांची रेघ. पॅक बदलायचा ठरला तर हा हिशेब सर्व्हेयरसमोर मांडा. उघडल्यावर सापडलेलं नुकसान सप्लिमेंटरी (पुरवणी) एस्टिमेटमध्ये आलंच पाहिजे. सर्व्हे रिपोर्टची प्रतही मागा, ती मागायचा तुम्हाला हक्क आहे.

पार्किंगचं उत्तर सोपं आहे. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे वस्तू अडवून ठेवायचा हक्क श्रम किंवा कौशल्य वापरून केलेल्या कामाच्या मोबदल्यापुरता मिळतो. तुमच्या गाडीला अजून पानाही लागलेला नाही. पार्किंगचा दर आधी ठरला नसेल तर गाडी अडवू नका, असं गॅरेजला लेखी कळवा.

विमा कंपनी ऐकली नाही तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, वर्षभराच्या आत जाता येतं. तिथं फी नाही आणि वकीलही लागत नाही, म्हणून माझा सल्ला आधी तिथंच जाण्याचा. दुसरी वाट ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाची, मुदत दोन वर्षं. एकाच वेळी दोन्हीकडे मात्र जाऊ नका.

आणि उद्या वागळेला जाल तेव्हा एक मोजपट्टी घेऊन जा. गाडी लिफ्टवर चढवायला सांगा, टॉर्च लावा, पोच्याशेजारी पट्टी धरून फोटो काढा आणि तिथूनच तो सर्व्हेयरला पाठवा.