हाँगकाँगच्या ग्राहकाला चिनी नववर्षाला 'ज्यू लुंग यप सोय' म्हटलं तर चालेल का? सहकारी म्हणतो, त्यात डुक्कर आहे, अपमान होईल.

बिनधास्त म्हणा. शब्दशः अर्थ 'डुकराचा पिंजरा पाण्यात शिरला'. डुकराचा उल्लेख आहे, पण ग्राहकाला कोणी डुक्कर म्हणत नाहीये. पूर्वी डुकरं बाजारात न्यायला बांबूच्या कामट्यांचे जाळीदार पिंजरे असत. असा पिंजरा पाण्यात बुडवला की भोकाभोकातून पाणी आत शिरतं. आणि हाँगकाँगच्या कँटोनीज बोलीत पाणी म्हणजे पैसा! हाँगकाँगमध्ये शंभर डॉलरलाही 'यत गाऊ सोय', म्हणजे पाण्याचं एक ढेकूळ, म्हणतात. तेव्हा अर्थ एवढाच, की चहूबाजूंनी पैसा येवो.

आपण 'पाचही बोटं तुपात' म्हणतो ते बहुतेक पाठीमागे आणि जरा जळून. तिथे हे तोंडावर म्हणतात आणि ऐकणारा खूश होतो. मात्र पैसा अनेक वाटांनी यायला हवा: पगार, घरभाडं, शेअर. नुसतं मार्क सिक्सचं लॉटरी तिकीट लागलं, तर त्याला 'होऊ छोय', नशीबवान, एवढंच पुरतं.

माणूस बघून बोला. दुकानदार, दलाल, धंदेवाला असेल तर आधी 'कुंग हेय फात छोय', म्हणजे भरभराट होवो, आणि मग हे. त्याच्या वृद्ध आईला मात्र 'सान थाय गिन होंग', म्हणजे उत्तम आरोग्य लाभो. ग्राहक बीजिंगचा असेल तर सोडून द्या, ही म्हण खास कँटोनीज आहे. मुसलमान असेल तरीही नको.

उच्चार करताना 'यप'मधला प ओठ मिटून तिथेच थांबवायचा. 'सोय' आपलीच. शेवटचे दोन शब्द गाळू नका, कारण नुसत्या 'ज्यू लुंग'वरून भलतंच आठवू शकतं: व्यभिचाराचा आरोप असलेल्या बाईला त्याच पिंजऱ्यात कोंडून बुडवण्याची जुनी शिक्षा.

प्रत्यक्ष तिथे जाणार असाल तर आणखी एक. तुमच्या शुभेच्छेवर एखादा तरुण हसून 'लाय सी दाऊ लोय' म्हणाला, तर तो गमतीत पैशांचं लाल पाकीट मागतोय. लग्न झालेल्यांनी अविवाहितांना ते द्यायची तिथे रीत आहे. तुमचं लग्न झालं असेल तर वीस हाँगकाँग डॉलरची कोरी नोट घालून दोन्ही हातांनी द्या. चाळीस नकोत, चारचा उच्चार 'मृत्यू'च्या शब्दाशी जुळतो.