कोटेशनमधले तास मोजा

बोट दुरुस्तीबद्दल वाचकांनी विचारलेल्या चार प्रश्नांची ही उत्तरं. पहिलं लांबलं आहे, कारण बाकीच्यांचा पाया तिथेच आहे.

प्रश्न : माझ्या साडेपाच मीटर लांबीच्या फायबरच्या बोटीच्या तळाला खडकावर आपटून भोक पडलं आहे, साधारण 20 सेंटिमीटर लांब आणि 10 रुंद. तीन कोटेशन घेतली. दुसरं पहिल्याच्या दीडपट, तिसरं तिप्पट. तिन्हींत एकच ओळ : ‘तळ दुरुस्ती, साहित्य व मजुरीसह’. रास्त कोणतं? की रेझिन आणि मॅट (काचतंतूंची चादर) आणून मीच करू?

उत्तर : ओळ एकच असली तरी कामं तीन वेगवेगळी असू शकतात. म्हणून आधी काम किती आहे ते स्वतः मोजा.

भोकाच्या कडेला तळाची जाडी बघा. समजा 6 मिलिमीटर भरली. ताकदीच्या जोडासाठी कड जाडीच्या 12 पट अंतरापर्यंत तिरकी घासावी लागते, म्हणजे चहूबाजूंनी 7 सेंटिमीटरहून थोडी जास्त. त्यामुळे 20 बाय 10 चं भोक घासून झाल्यावर 34 बाय 24 होतं. चौरस मीटरला 450 ग्रॅमच्या मॅटचा एक थर रेझिनमध्ये भिजून साधारण 1 मिलिमीटर बसतो. म्हणजे सहा थर, आतले लहान आणि बाहेरचे मोठे. काच, म्हणजे मॅट, दीडशे ग्रॅमच्या आसपास, रेझिन वजनाने तिच्या दुप्पट ते अडीचपट. सांडलवंड धरून अर्धा किलो रेझिन आणि पाव किलो जेलकोट (सर्वांत वरचा चकचकीत, रंगीत थर). सगळं सामान एका पिशवीत मावेल. तेव्हा तिप्पट दराचं कारण साहित्यात शोधू नका.

कारण तासांत असतं. सरावाच्या माणसाला साफ करून घासायला दोनेक तास, थर द्यायला दोन-तीन, पुट्टी आणि सँडिंगला तेवढेच, जेलकोट, पाणी लावून घासणं आणि पॉलिश मिळून तीन. नऊ ते अकरा तास, पण दिवस तीन-चार, कारण मधे वाळण्याची वाट बघावी लागते. हे झालं भोकापर्यंत आतून हात पोचत असेल तर. वर फरशी, आतलं अस्तर किंवा इंधनाची टाकी असेल, तर ती काढून पुन्हा बसवण्यात तेवढेच तास आणखी जातात. तिप्पटवाल्याने बहुधा ते धरले आहेत. सर्वांत स्वस्त कोटेशनवाला कदाचित बाहेरून पुट्टी भरून जेलकोट मारणार असेल. काम झाल्यावर दोन्ही सारखंच दिसतं, हीच पंचाईत.

म्हणून तिघांनाही तेच प्रश्न लेखी विचारा. कड किती पट घासणार? थर किती आणि कोणत्या मॅटचे? आतून पोचणार की फक्त बाहेरून? रेझिन पॉलिएस्टर, व्हिनाइलएस्टर की इपॉक्सी? बोट वर काढणं आणि जागेचं भाडं यात आहे का? ‘इपॉक्सीचे थर आणि वर नेहमीचा जेलकोट’ असं उत्तर आलं तर खुलासा मागा : पॉलिएस्टरचा जेलकोट इपॉक्सीवर नीट धरेल याची खात्री नसते, अनेकदा तो चिकटच राहतो. इपॉक्सीवर दोन भागांचा रंग बरा. ‘कड किती पट’ या प्रश्नावर जो हसतो, त्याचा दर कितीही कमी असो, बोट त्याच्याकडे सोडू नका.

भोकाभोवतीचा तळही हलक्या हातोडीने किंवा नाण्याने ठोकत जा. टणक, खणखणीत आवाज म्हणजे ठीक. बद्द आवाज आला तिथे थर सुटले आहेत किंवा आतला गाभा भिजला आहे. खडूने ती हद्द आखा. बऱ्याचदा ती भोकाच्या दुप्पट निघते, आणि मग महाग वाटलेलं कोटेशनच खरं ठरतं.

आता स्वतः करण्याबद्दल. आतून हात पोचत असेल आणि भोक कण्यापासून व आतल्या उभ्या-आडव्या पट्ट्यांपासून दूर असेल, तर हे घरी होण्यासारखं आहे. मात्र आधी टाकाऊ तुकड्यावर एक जोड करून तो मोडून बघा. थर सुटून आले तर बोटीला हात लावू नका. कुठे चुकतं ते क्रमाने सांगतो.

ॲसिटोनने पुसणं घासण्याच्या आधी. आधी घासलं तर पृष्ठभागावरचं मेण काचेच्या ओरखड्यांत दाबलं जातं आणि नवा थर त्यावर धरत नाही. हार्डनर (पॉलिएस्टर रेझिन घट्ट करणारं द्रव्य) वजनाच्या 1 ते 2 टक्के : अर्धा किलो रेझिनला दीड टक्क्याने साडेसात ग्रॅम. अंदाजाने ओतू नका, सिरिंज वापरा. 1 टक्क्याखाली रेझिन कधीच पुरतं पिकत नाही, फार झालं तर तापून ठिसूळ होतं. एका वेळी दोन-अडीचशे ग्रॅमच कालवा आणि एका दमात तीन-चारच थर द्या. भांड्यात साचलेलं रेझिन धूर निघेपर्यंत तापू शकतं. हवा 15 अंशांच्या खाली असेल तर थांबा. प्रत्येक थर लोखंडी रोलरने दाबून हवा काढा. पांढरे ठिपके दिसले तर तिथे मॅट कोरडी राहिली आहे. शेवटच्या जेलकोटमध्ये मेणाचं द्रावण घाला किंवा वर प्लॅस्टिकची फिल्म अंथरा, कारण हवा लागली की पृष्ठभाग चिकट राहतो. अधल्यामधल्या थरांत मात्र मेण नको.

रेझिन कोबाल्ट (रेझिन लवकर पिकवणारं द्रव्य) न घातलेलं मिळालं असेल, तर कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर नंतर. दोन्ही थेट एकमेकांत पडले तर स्फोट होतो. डोळ्यांवर गॉगल हवाच, हार्डनरचा थेंब डोळा घालवू शकतो. घासताना धुळीचा आणि रेझिनच्या वेळी वाफेचा मास्क. हे दोन वेगळे आहेत, एकाचं काम दुसऱ्याने होत नाही.

हिशेब करताना साहित्याच्या किमतीशी कोटेशनची तुलना करू नका, ती नेहमी फसवी निघते. ग्राइंडर, रोलर, मास्क, वाया गेलेली मॅट आणि जागेचं भाडं त्यात घाला. पहिल्यांदा करणाऱ्याला सरावाच्या माणसाच्या अडीचपट वेळ धरा, म्हणजे पंचवीसेक तास. शनिवार-रविवारच करणार असाल तर भाडंच कोटेशनला गाठू शकतं.

प्रश्न : ट्रान्सम (बोटीची मागची, इंजिन बसतं ती भिंत) मऊ झाला आहे असं सांगून एकाने पूर्ण बदलायचं मोठं कोटेशन दिलं. दुसरा म्हणतो, भोकं पाडून आत रेझिन सोडू, एका दिवसात काम. एवढा फरक कसा?

उत्तर : दुसऱ्याचं काम टिकणार नाही. कुजलेलं, भिजलेलं लाकूड रेझिन शोषत नाही, उलट पाणी आत कोंडलं जातं.

मऊ आहे की नाही ते आधी स्वतः तपासा. इंजिन वर उचलून लॉक करा, खालच्या पंखावर वजन टाका आणि ट्रान्समची वरची कड बघा. ती हलली, किंवा कोपऱ्यात चिरा उघडल्या, तर शंका खरी. मग आतल्या बाजूने, शक्य तितक्या खाली 5 मिलिमीटरचं भोक पाडा, बाहेरच्या काचेपर्यंत न जाता. भुसा कोरडा आणि फिकट निघाला तर ट्रान्सम ठीक. काळा, ओला, आंबूस वासाचा निघाला तर बदलणंच आलं. भोक नंतर इपॉक्सीने बुजवा.

बदलण्यात तास जातात ते इंजिन, केबल, इंधनाच्या नळ्या आणि वायरिंग उतरवण्यात, काचेची एक कातडी कापण्यात आणि चिकटलेलं प्लायवुड छिन्नीने तुकड्यातुकड्याने काढण्यात. नवं मरीन प्लायवुड, बहुतेकदा 18 मिलिमीटरचे दोन तक्ते एकमेकांना चिकटवून, हा खर्चाचा लहान भाग. इथे वाटणी चांगली जमते : उतरवणं आणि कुजलेलं लाकूड काढणं तुम्ही करा, लॅमिनेशन, म्हणजे थर देणं, कारागिराला द्या. मात्र असं केल्यास जोडाची हमी तो देणार का, हे आधी विचारा. काही जण दुसऱ्याने घासलेल्या पृष्ठभागाची हमी देत नाहीत, आणि त्यात त्यांचं चूक नाही.

इंजिनच्या बोल्टची भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरायची आणि त्यातून पुन्हा नेमकी पाडायची, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. पाणी बहुतेकदा तिथूनच शिरलेलं असतं.

प्रश्न : आउटबोर्ड (बोटीच्या मागे टांगलेलं इंजिन) गरम होतं. मेकॅनिक म्हणतो, इंजिनच उघडावं लागेल.

उत्तर : आधी पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर, म्हणजे पाकळ्यांचं चाक, बघा. खालचा भाग उतरवून तो बदलणं घरी होतं. जुन्याची एखादी पाकळी तुटलेली असेल तर तुकडा शोधून काढा, नाहीतर तो वरच्या नळीत अडकतो आणि नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापतं. नवा बसवताना साबणाचं पाणी लावून शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत कव्हर खाली आणा. खाऱ्या पाण्यातल्या इंजिनाचे बोल्ट गंजून तुटतात. मेकॅनिकने या कामाला जास्त तास लावले तर कारण ते असू शकतं. इतकं करूनही तापलं तर थर्मोस्टॅट बघा.

त्यानंतरही इंजिन उघडायचं म्हणत असेल तर प्रत्येक सिलिंडरच्या कॉम्प्रेशनचे (आतल्या दाबाचे) आकडे लेखी मागा. आकडे एकमेकांपासून 10-15 टक्क्यांच्या आत असतील तर उघडण्याला आणखी सबळ कारण हवं. गिअरचं तेल दुधाळ असेल तर सील गेलं आहे, पण ते काम खालच्या भागाचं आहे, इंजिनाचं नव्हे.

प्रश्न : ‘उघडल्यावर आणखी काही निघालं तर जास्त होईल’ असं कोटेशनमध्ये लिहिलं आहे. मान्य करावं का?

उत्तर : मान्य करा, पण अट घालून. बंद तळात काय आहे हे कोणालाच आधी दिसत नाही. जादा कामाचा तासाचा दर आत्ताच ठरवा. काही नवं निघालं की काम थांबवून फोटो पाठवायचा आणि होकार आल्यावरच पुढे जायचं, हे लिहून घ्या. थर झाकण्याआधीचे फोटो आणि काढलेले जुने भाग परत मागा. पैसे टप्प्याने द्या, शेवटचा हप्ता बोट पाण्यात तासभर उभी ठेवून बिल्ज (तळातली पाणी साचायची जागा) कोरडं दिसल्यावर.