पहिली ब्लू-रे डिस्क घेण्याआधी
सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे: तिन्ही डिस्क दिसायला सारख्याच, १२ सेंटिमीटरच्या. खरा फरक लेझरच्या तरंगलांबीचा: सीडीला ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीला ६५०, ब्लू-रेला ४०५. तरंगलांबी कमी झाली की डेटाच्या खुणा दाटीने बसतात, म्हणून ७०० एमबीवरून ४.७ जीबी आणि पुढे एका थरात २५ जीबी!

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- डीव्हीडी ड्राइव्हमध्ये ब्लू-रे घालतात. चालत नाही. ब्लू-रे ड्राइव्हमध्ये डीव्हीडी मात्र बहुधा चालते.
- सीडीवर बॉलपेनने नाव लिहितात. तिचा डेटा छापील बाजूच्या लगेच खाली असतो. उजेडासमोर धरून बघ, ओरखड्यातून प्रकाश आरपार आला तर तेवढा भाग गेलाच.
- ब्लू-रेचा डेटा चकाकत्या बाजूपासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर. कडेलाच धर.

थरांचं गणित नंतर. आधी एक डिस्क लिही, व्हेरिफाय कर (म्हणजे लिहिलेलं बरोबर उतरलंय का ते तपास), अडलं तर बिनधास्त विचार.