चाळिशीनंतरची पहिली मोटारसायकल: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

चाळिशी-पन्नाशीत परवाना काढून पहिल्यांदाच मोटारसायकल घ्यायला निघालेल्या वाचकांची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : वय ४७, उंची १७२ सेंमी. वीस-बावीस वर्षे कार चालवतो आहे, दुचाकीचा परवाना गेल्या महिन्यात मिळाला. मित्र सांगतात, एकदाच काय ती मोठी गाडी घे, छोटी घेतलीस तर वर्षभरात कंटाळशील. किती सीसीची घेऊ?

उत्तर : सीसीचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी वजन बघा. नव्या चालकाच्या हातून गाडी पडते ती बहुतेक वेळा थांबताना, पार्किंगमधून बाहेर काढताना किंवा अरुंद जागेत वळवून घेताना. तिथे इंजिनाच्या ताकदीचा उपयोग नसतो. तुमचे पाय आणि गाडीचे वजन, एवढाच हिशेब उरतो.

तो हिशेब आकड्यांत मांडू. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ५५ सेंमीवर आणि हँडल एक मीटरवर धरले, तर २०० किलोची गाडी दहा अंश कलल्यावर सावरायला हँडलपाशी सुमारे १९ किलोचा जोर लागतो. वीस अंश कलली की तोच जोर ३७-३८ किलोंवर जातो. १५० किलोच्या गाडीसाठी हे आकडे १४ आणि २८ येतात. एका पायावर उभे राहून २८ किलो कसेबसे आवरतील, ३८ नाही. वजन ‘कर्ब वेट’चेच विचारा, म्हणजे पेट्रोल, ऑईल, बॅटरी धरून. ‘ड्राय वेट’ कमी दिसते, पण त्यात टाकी रिकामी असते. सोळा लिटरची टाकी भरली की बारा किलो वाढतात, आणि तेही गाडीच्या वरच्या भागात.

तुमच्यासाठी १४० ते १७० किलो कर्ब वेट योग्य. सीट खाली असेल तर १८० पर्यंत जायला हरकत नाही. या वजनात साधारण २५० ते ४०० सीसी आणि २० ते ३० अश्वशक्तीची गाडी मिळते. हमरस्त्यावर ताशी ८०-९०च्या वेगाने दिवसभर जायला ती पुरते. इंजिन मात्र कमी आरपीएमला (मिनिटाला कमी फेऱ्या असताना) टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, देणारे हवे. असे इंजिन क्लच थोडा चुकीचा सुटला तरी बंद पडत नाही. आरपीएम वर चढल्यावरच जोर येणारे स्पोर्ट इंजिन निघतानाच अडते, मग नवखा चालक ॲक्सिलरेटर जास्त पिळतो आणि गाडी उसळते.

मित्रांचा ‘एकदाच मोठी’ हा सल्ला आम्हाला मान्य नाही. १९८१ साली हॅरी हर्ट यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९०० अपघात जागेवर जाऊन तपासले होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक चालकांचा त्या विशिष्ट गाडीवरचा अनुभव पाच महिन्यांहून कमी होता. एकूण दुचाकी चालवण्याचा अनुभव मात्र सरासरी तीन वर्षांच्या आसपास होता. अनुभवी माणसालाही गाडी बदलली की नव्याने शिकावे लागते, मग पहिलीच गाडी सोपी का नसावी? वर्षभराने कंटाळा आला तर विकून टाका.

तुम्ही कार चालवता म्हणून आणखी एक सांगतो. घाबरलेल्या क्षणी पाय जुन्या सवयीने हलतात. डावा पाय क्लच शोधतो, पण दुचाकीवर तिथे गिअरचा लिव्हर आहे. उजवा पाय ब्रेक दाबतो, पण तो फक्त मागच्या चाकाचा. मुख्य ब्रेक उजव्या हातात आहे. ही सवय मोडेपर्यंत रहदारीत जाऊ नका.

प्रश्न : मी ५१ वर्षांची आहे, उंची १५४ सेंमी. जी गाडी आवडते तिच्यावर बसल्यावर पाय टेकत नाहीत. सीट कापून घ्यावी की गाडीच खाली करून घ्यावी?

उत्तर : आधी स्वतःचे माप घ्या. चालवताना घालणार तेच बूट घालून भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, मांड्यांमध्ये एक जाड पुस्तक वर घट्ट सरकवा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. हे माप सीटच्या उंचीशी ताडून बघायचे, पण तेवढ्यावर निर्णय घ्यायचा नाही. ७९० मिमी उंचीची पण पुढे निमुळती सीट ७७० मिमीच्या रुंद सीटपेक्षा सोपी पडते, कारण रुंद सीटवर पाय आधी बाजूला जातात आणि मग खाली. शिवाय तुम्ही बसलात की शॉक ॲब्सॉर्बर थोडा दबतो आणि सीट आणखी खाली येते. म्हणून निकाल बसूनच लावा.

दोन्ही पायांचे चवडे टेकले तर गाडी चालेल. किंवा थोडे सरकून बसल्यावर डावा पाय पूर्ण टेकला आणि उजवा मागच्या ब्रेकवर राहिला, तरीही चालेल. पायाची फक्त बोटे लागत असतील तर ती गाडी सोडून द्या. पुढची कसोटी महत्त्वाची : किंचित उतारावर, पुढचे चाक उताराकडे करून, इंजिन बंद ठेवून, बसल्या बसल्या पायांनी गाडी मागे ढकलून बघा. जमत नसेल तर प्रत्येक पार्किंगमध्ये तुम्हाला दुसऱ्याची मदत लागेल.

सीटचा फोम २० ते २५ मिमी कापता येतो, तेवढ्याने खूप फरक पडतो. बुटांचा तळवा दोन सेंमी जाड असला तर तोही मदत करतो. मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, कमी केला तर आणखी थोडी उंची उतरते. ‘लोअरिंग लिंक’ (मागच्या शॉकला जोडणारी वेगळ्या मापाची पट्टी) बसवून गाडी खाली करण्याच्या मात्र आम्ही विरोधात आहोत, निदान पहिल्या वर्षी. मागची बाजू खाली आली की पुढचे फोर्कही (पुढचे चाक धरणाऱ्या दोन शॉक-नळ्या) तेवढेच वर सरकवावे लागतात, नाहीतर हँडल आळसावते. साइड स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि हलक्या धक्क्याने उलट्या बाजूला पडते. वळताना फूटरेस्टही लवकर घासतो.

हातांचेही बघून घ्या. क्लच लिव्हर ओळीने वीस वेळा दाबा. मनगट भरून आले तर शहरातल्या अर्ध्या तासात हात थकणार. ‘स्लिपर-असिस्ट’ क्लच असलेल्या गाड्यांचा लिव्हर हलका असतो, आणि काही लिव्हरांचे हँडलपासूनचे अंतर छोट्या चकतीने कमी करता येते. हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बघा. बाहेरच्या बाजूचा हात पूर्ण ताणला जात असेल तर हँडल तुमच्यासाठी लांब आहे.

प्रश्न : एबीएस खरंच लागतो का? एका चाकाचा पुरे की दोन्ही?

उत्तर : लागतो. एबीएस म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. ताशी ५० किमीला गाडी सेकंदाला १४ मीटर पुढे जाते. कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर ती सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. एकट्या मागच्या ब्रेकने हेच अंतर २४ ते २८ मीटर होते, कारण ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर जाते आणि मागच्या चाकाची पकड सुटते. तेव्हा पुढचा ब्रेक जोरात वापरायला शिकलेच पाहिजे. पण पुढचे चाक जाम झाले तर सावरायला अर्धा सेकंदही मिळत नाही, म्हणूनच नवखे लोक त्याला हात लावायला भितात. एबीएसने ती भीती जाते. एका चाकाचा असेल तर तो पुढच्या चाकाचा असतो, आणि काहीच नसण्यापेक्षा तो नक्कीच बरा. दोन्हींचा मिळत असेल तर तोच घ्या. साधा एबीएस गाडी किती कलली आहे ते ओळखत नाही, त्यामुळे वळणाआधीच वेग उतरवायचा हा नियम तसाच राहतो.

प्रश्न : जुनी गाडी घेतोय. मेकॅनिक सोबत नसेल तर स्वतः काय काय बघावे?

उत्तर : विकणाऱ्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या इंजिनाजवळ हात धरा. गरम लागले तर थंड गाडी सुरू व्हायला त्रास देते, हे लपवले जात असेल. ती गार होऊ द्या किंवा दुसऱ्या दिवशी जा. सुरू केल्यावर विरळ पांढरी वाफ थोडा वेळ आली तर चिंता नको. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. ऑईलची पातळी गाडी सरळ उभी करून बघा. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात ऑईल दुधाळ दिसले तर तिथूनच परत फिरा.

गाडी पडली होती का, ते रंगावरून कळत नाही, टोकांवरून कळते. लिव्हरची गोळी, हँडलची टोके, फूटरेस्टची टोके, सायलेन्सरची बाहेरची बाजू बघा. उभ्या उभ्या पडल्याचे ओरखडे चालतील, फक्त किंमत कमी करून मागा. पण हँडल पूर्ण वळल्यावर जिथे अडते तो स्टॉपर दबलेला किंवा चिरलेला असेल, तर समोरून जबर मार बसला आहे. चासी वाकलेली असू शकते. ती गाडी घेऊ नका.

फोर्कच्या नळ्या स्वच्छ पुसा, पुढचा ब्रेक धरून गाडी पाच-सहा वेळा खाली दाबा. नळीवर तेलाचे कडे उमटले तर ऑईल सील गेले. ते फार महाग काम नाही, पण नळीवर गंजाचे खड्डे असतील तर नवे सीलही तसेच कापले जाईल. मग मुख्य स्टँड लावून पुढचे चाक उचला आणि हँडल सावकाश फिरवा. मधोमध खाचेत बसल्यासारखे वाटले तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचे बेअरिंग, बदलायचा आहे. फोर्कची खालची टोके धरून पुढे-मागे हलवा, खटखट जाणवली तरी तेच.

चेन खालच्या बाजूला मध्यावर वर-खाली करून मोजा. बहुतेक रस्त्यावरच्या गाड्यांना २५ ते ३५ मिमी ढिलाई चालते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतो. चाक फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा. एका जागी घट्ट आणि दुसरीकडे ढिली असेल तर ताणून उपयोग नाही, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेन फिरते ती दातेरी चक्रे) एकत्रच बदलावी लागतात. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला आकड्यासारखे वळलेले असले तरीही तेच.

टायरवर ‘डॉट’ अक्षरांनंतरच्या शेवटच्या चार आकड्यांत तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचा टायर, नक्षी कितीही चांगली असली तरी, बदलण्याचा खर्च धरूनच किंमत ठरवा. रबर कडक झाले की ओल्या रस्त्यावरची पकड आधी जाते. ब्रेक ऑईल काळपट चहासारखे असेल तर त्यात ओलावा शिरला आहे, ते दर दोन वर्षांनी बदलायचे असते. मल्टीमीटर मिळाला तर बॅटरी बंद गाडीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चार-पाच हजार आरपीएमला असताना १३.५ ते १४.५ दाखवायला हवी. चासी आणि इंजिनाचे क्रमांक कागदांशी स्वतः जुळवून बघा.

दहा वर्षांची, पण अगदी कमी किलोमीटरची गाडी बघून लगेच हुरळू नका. उभ्या गाडीचे सील सुकतात, टाकी आतून गंजते, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल चिकट होऊन बसते.

प्रश्न : कंबर दुखते आणि चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. आरामदायी म्हणून क्रूझर बरी का?

उत्तर : बसायला आरामदायी वाटते, पण पाय पुढे असल्यामुळे खड्ड्यात फूटरेस्टवर उभे राहता येत नाही. प्रत्येक दणका थेट माकडहाडातून कमरेत जातो. पाय सीटच्या खाली, पाठ सरळ आणि कोपर किंचित वाकलेले राहतील अशी साधी रोडस्टर घ्या. चाचणी फेरी निदान अर्ध्या तासाची मागा. हाताला मुंग्या आल्या तर कंपन जास्त आहे किंवा वजन मनगटांवर येते आहे. प्रोग्रेसिव्ह काचेतून खाली बघितले की जमीन धूसर दिसते, आणि ते नेमके गाडी थांबवताना अडचणीचे ठरते. दूरच्या नंबरचा, सरळ आणि पातळ दांड्यांचा वेगळा चष्मा करून घ्या आणि तो घालूनच हेल्मेट निवडा. हेल्मेट ‘ईसीई २२.०६’ या युरोपीय सुरक्षा मानकानुसार प्रमाणित असावे. गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, आणि पट्टा लावून मागून वर ओढले तर ते डोक्यावरून निघता कामा नये.

प्रश्न : गाडी घरी आली. पहिल्या महिन्यात सराव कसा करू? आणि पडली तर एकट्याने उचलता येईल का?

उत्तर : नवी गाडी असेल तर पहिले १,००० किमी आरपीएम बदलते ठेवा. पूर्ण ॲक्सिलरेटर नको, आणि वरच्या गिअरमध्ये इंजिन रडवणेही नको. पहिल्या सर्व्हिसिंगला ऑईल आणि फिल्टर बदलणे टाळू नका, नव्या भागांच्या घासण्याचा धातूचा चुरा त्यात असतो. नव्या टायरवर पहिले दीडशे किलोमीटर वळणे सौम्य घ्या.

मोकळ्या मैदानात रोज वीस मिनिटे पुरेत. पहिला गिअर, ॲक्सिलरेटर स्थिर, हाफ क्लच आणि मागचा ब्रेक हलका दाबलेला, असे माणसाच्या चालीने सरळ जा. हे जमले की आठचा आकडा काढा, आधी आठ-नऊ मीटरच्या वर्तुळांचा, मग सहा मीटरचा. नजर पुढच्या वळणाकडे ठेवा, चाकाकडे नाही. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक धरू नका. फोर्क दबतात आणि गाडी आतल्या बाजूला आडवी होते. शेवटी ताशी ३० किमीवरून थांबण्याचा सराव, दर वेळी दहा तरी वेळा, पुढचा ब्रेक आधी हलका आणि मग घट्ट.

पडली तर एकट्याने उचलता येते. आधी इंजिन बंद करा आणि गाडी गिअरमध्ये टाका. उजव्या बाजूवर पडली असेल तर डावीकडचा साइड स्टँड आत्ताच बाहेर काढून ठेवा, नाहीतर उचलल्यावर ती पलीकडे जाईल. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करून नितंब सीटला टेकवा, एका हाताने हँडलची खालची मूठ आणि दुसऱ्याने मागचा दांडा किंवा फ्रेम धरा. पाठ ताठ ठेवून पायांनी जोर लावा आणि मागे मागे छोटी पावले टाका. पाठीने उचलायला गेलात तर कंबर धरेल.

उभी केल्यावर लगेच सुरू करू नका. पेट्रोल गळत नाही ना ते बघा, ऑईल खाली उतरायला पाच मिनिटे द्या. अनेक इंजेक्शनच्या गाड्यांत कलंडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, त्यामुळे चावी बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय त्या सुरू होत नाहीत. वाकलेला ब्रेक लिव्हर जागेवर सरळ करू नका, ॲल्युमिनियमला आतून चीर जाते आणि तो नंतर जोराच्या ब्रेकला तुटतो. नवाच बसवा.