टर्बो पेट्रोल गाडीत पी०१७१ आणि पी०१३३ आलेत, ऑक्सिजन सेन्सर बदलावाच लागेल का?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी मांडून घेतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. १.२ लिटरची टर्बो पेट्रोल गाडी, ७० हजार किलोमीटर झालेले, चेक इंजिनचा दिवा लागलाय. स्कॅनरवर पी०१७१ (मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी) आणि पी०१३३ (पुढचा ऑक्सिजन सेन्सर मंद) हे दोन कोड आहेत. ॲव्हरेज १५ वरून ११-१२ वर आलंय, आणि गॅरेजवाले म्हणतायत, "सेन्सर टाकून बघू."

टाकून बघू नका. आधी सेन्सर खोटं बोलतोय की खरं, हे ठरवा. नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी होईल.

तुमच्या लक्षणांतच एक विसंगती आहे आणि तीच सगळ्यात कामाची आहे. मिश्रण खरंच लीन असतं, तर ईसीयूने (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवून ते फक्त जागेवर आणलं असतं, ॲव्हरेज एवढं पडलं नसतं. पडलंय, याचा अर्थ इंजिन जास्तीचं पेट्रोल पितंय आणि "लीन" हा निरोपच खोटा आहे. लाँग टर्म फ्यूएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलच्या हिशेबात केलेली कायमची दुरुस्ती, टक्क्यांत) +२५ असेल तर गाडी हिशेबापेक्षा सव्वापट पेट्रोल घेते. १५ ला सव्वाने भागा, १२ येतात. गणित जुळतंय. (टायरची हवा आणि चिकटलेले ब्रेक पाहून झाले असतील असं धरतो.) सायलेन्सरच्या टोकाला बोट फिरवून पाहा. काळी, कोरडी काजळी लागली आणि गाडी उभी असताना पेट्रोलचा वास येत असेल, तर मिश्रण प्रत्यक्षात रिच (पेट्रोल जास्त) आहे हे जवळजवळ नक्की.

खोटा निरोप दोन कारणांनी जातो: एकतर सेन्सरच बिघडलाय, किंवा सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला गळती आहे. एक्झॉस्टमधून वायू सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मधे पोकळी होते आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो "लीन" म्हणून कळवतो आणि ईसीयू पेट्रोल ओततो. अशा गळतीने पी०१३३ सुद्धा येऊ शकतो. टर्बो गाडीत पुढचा सेन्सर टर्बाइननंतर, डाउनपाइपवर (टर्बोतून निघणारा एक्झॉस्टचा पाइप) किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर शुद्ध करणारा डबा, थोडक्यात कॅट) तोंडाशी असतो. त्यामुळे मॅनिफोल्डचं (सिलिंडरमधला धूर गोळा करणारा पाइप) गॅस्केट, मॅनिफोल्ड आणि टर्बोमधला जोड, टर्बो आणि डाउनपाइपमधला जोड अशा तीन जागा गळायला मोकळ्या असतात. साध्या इंजिनात एवढे सांधे नसतात, आणि टर्बोजवळची उष्णता गॅस्केटला टिकू देत नाही.

गळती शोधायची तर सकाळी गार इंजिन चालू करून बॉनेटखाली कान द्या. टिकटिक किंवा फसफस ऐकू आली आणि पाचेक मिनिटांत धातू प्रसरण पावून ती बंद झाली, तर गळतीच समजा. सांध्यावर काजळीची रेघ शोधा. खात्री करायला इंजिन बंद आणि पूर्ण गार असताना व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू सायलेन्सरच्या तोंडात कापडाने घट्ट बसवा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. फेस फुगला की जागा सापडली.

आता सेन्सर. ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीच्या स्कॅनर सॉकेटला लावायचा छोटा अडॅप्टर) आणि मोबाइलमधलं कुठलंही बरं ॲप पुरेल. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा (कोड आला त्या क्षणाची नोंद) स्क्रीनशॉट घ्या, पुसला की तो पुरावा जातो. इंजिन पूर्ण तापू द्या आणि शॉर्ट टर्म (त्या क्षणापुरती दुरुस्ती) व लाँग टर्म ट्रिमची बेरीज तीन ठिकाणी लिहून ठेवा: आयडलला, उभ्या गाडीत २५०० आरपीएमला, आणि चढावर लोड देताना.

बेरीज फक्त आयडलला मोठी आणि २५०० ला उतरत असेल तर थ्रॉटलनंतर (हवेची झडप) कुठूनतरी जास्तीची हवा ओढली जातेय. टर्बोत इथे पीसीव्हीचा (इंजिनातल्या वाफा परत ओढून घेणारा व्हॉल्व्ह) फाटलेला पडदा नेहमीचा संशयित: आयडलला ऑइलचं झाकण काढताना जोरात ओढ लागली आणि शिट्टी ऐकू आली तर तोच. आरपीएम आणि लोडबरोबर बेरीज वाढत गेली तर पेट्रोल कमी पडतंय (पंप, फिल्टर, इंजेक्टर) किंवा मास एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) घाण झालाय. सगळीकडे सारखीच मोठी असेल तर एक्झॉस्टची गळती नाहीतर सेन्सर. एक गोष्ट हिशेबात धरा: २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला १० टक्केवाल्यापेक्षा सुमारे चार टक्के जास्त इंधन लागतं. जुन्या कॅलिब्रेशनच्या गाडीत +४ किंवा +५ दिसले तर घाबरू नका, +१० च्या पुढे मात्र शोधायलाच हवं.

बूस्ट पाइपच्या (टर्बोतून इंजिनाकडे दाबाची हवा नेणारा) गळतीबद्दल लोक फार गोंधळतात. एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत टर्बोनंतरचा पाइप सुटला तर मोजलेली हवा बाहेर जाते आणि लोडखाली मिश्रण रिच होतं, लीन नाही. नुसत्या मॅप सेन्सरवर (हवेचा दाब मोजणारा) चालणाऱ्या गाडीत मिश्रण फारसं बदलत नाही, ओढ कमी होते. एअर फिल्टरच्या डब्यापुढे पाइपवर तारा जोडलेला सेन्सर दिसतो का पाहा, बहुतेक वेळा तेवढ्यावरून प्रकार कळतो.

सेन्सरची खरी परीक्षा उतारावर होते. गिअरमध्येच ठेवून, आरपीएम दोन हजारांच्या वर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा. ईसीयू पेट्रोल बंद करतो आणि सायलेन्सरमधून नुसती हवा जाते. त्या क्षणी पुढच्या सेन्सरने टोकाचं लीन दाखवायला हवं, तेही सेकंदभरात. पुण्याजवळचा जुना कात्रज घाट यासाठी सोयीचा: चढताना लोड मिळतो, उतरताना फ्यूएल कट. मोबाइल शेजारच्या माणसाच्या हातात द्या, किंवा डेटा रेकॉर्ड करून घरी येऊन पाहा. आलेख झपकन वर न जाता रेंगाळत गेला तर सेन्सर म्हातारा झालाय. हीच परीक्षा चढावर उलटी घ्या: जोरात दाबल्यावर टर्बो इंजिन मुद्दाम रिच चालतं, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण: १ म्हणजे नेमकं, कमी म्हणजे रिच, जास्त म्हणजे लीन) ०.९ च्या आसपास किंवा खाली यायला हवा.

इथे एक चूक सर्रास होते. आजच्या बऱ्याच टर्बो गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड (मिश्रण किती लीन-रिच हे मोजून सांगणारा) असतो, बहुधा पाच किंवा सहा तारांचा. तो जुन्या चार तारांच्या सेन्सरसारखा ०.१ ते ०.९ व्होल्ट वरखाली नाचत नाही, लॅम्डा १ भोवती जवळजवळ स्थिर असतो. "आलेख हलत नाही, सेन्सर मेला" असं म्हणून चांगले सेन्सर काढले जातात. ॲपमध्ये व्होल्ट नको, लॅम्डा किंवा इक्विव्हॅलन्स रेशो निवडा.

आणि साक्षीदार म्हणून मागचा सेन्सर वापरा. तो कॅटनंतर असतो आणि साधा नॅरोबँड (फक्त लीन की रिच एवढंच सांगणारा) असतो. पुढचा "लीन" म्हणत असताना मागचा सलग ०.८ व्होल्टच्या वर असेल, म्हणजे रिच, तर पुढचा खोटा आहे किंवा त्याच्या आसपास गळती आहे. दोघेही लीन म्हणत असतील तर सेन्सरला हात लावू नका.

पी०१३५ किंवा पी००३० सारखा हीटरचा कोड असता तर काम सोपं होतं: आधी फ्यूज, मग कपलरमध्ये (तारांचा प्लग) १२ व्होल्ट येतात का, मग हीटरचा रेझिस्टन्स. चार तारांच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन तारा बहुधा हीटरच्या असतात आणि गार असताना साधारण ३ ते १५ ओहम दाखवतात. वाइडबँडचा हीटर ३ ओहमच्या आसपास. तुमच्या बाबतीतही तारा एकदा तपासाच. सोसायटीच्या पार्किंगमधल्या घुशींनी वायरिंग कुरतडण्याचे प्रकार पुण्यात काही कमी नाहीत.

एवढं करून सेन्सरच दोषी ठरला तर बदला. पार्ट नंबर जुन्या सेन्सरच्या बॉडीवर असतो, तोच नाना पेठेत (पुण्याचा स्पेअर पार्टचा बाजार) दाखवा. पुढचा आणि मागचा दिसायला सारखे असतात, म्हणून "त्या गाडीचा सेन्सर द्या" एवढं सांगून घेऊ नका. बॉश, डेन्सो किंवा एनटीके, आणि कपलरसकट. तारा कापून जोडायचा युनिव्हर्सल सेन्सर वाइडबँडला चालत नाही. बऱ्याच वाइडबँडच्या कपलरमध्ये त्या एका सेन्सरसाठी जुळवलेला रेझिस्टर असतो, तो कापला की कॅलिब्रेशन गेलं.

काढताना २२ चा खाच असलेला सॉकेट लागतो. आदल्या रात्री आट्यांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारा. सकाळी इंजिन दोन-तीन मिनिटंच चालवा: धातू कोमट हवा, तापलेला नको. हातमोजे घाला. खालून काम असेल तर गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर कधीच नाही. कपलर आधी सोडवा. घट्ट असेल तर पाव आटा सैल करा, ऑइल मारा, परत आवळा, परत सैल करा. एका दमात ओढलंत तर आटे सेन्सरबरोबर निघून येतात. आटे एम१८ बाय १.५ चे असतात, थोडे खराब झाले तर त्याच मापाच्या टॅपला ग्रीस लावून साफ करा.

जुन्याचं टोक नीट पाहा. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण रिच होतं. पांढरा थर सिलिकाचा, म्हणजे कूलंट जळतंय किंवा कुणीतरी इंजिनात साधा सिलिकॉन सीलंट वापरलाय. तपकिरी, चिकट थर ऑइलचा, तो टर्बोच्या सीलमधून किंवा पीसीव्हीतून येतो. कारण तसंच ठेवलं तर नवा सेन्सरही त्याच वाटेने जाईल.

नव्याच्या आट्यांना कंपनीने बहुधा अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावलेलं असतं, वरून काही लावू नका. टोकाला बोटही लावू नका. हातातून फरशीवर पडला तर वापरू नका, आतलं सिरॅमिक तडकलेलं असू शकतं. तीन-चार आटे हातानेच बसवा, मग ४० ते ५० न्यूटन मीटर. तार पिळली जाऊ देऊ नका. मूळच्या क्लिपांमध्येच बसवा, नाहीतर डाउनपाइपला टेकून वितळते. कपलरमध्ये कुठलाही स्प्रे मारू नका.

मग कोड आणि शिकलेले ट्रिम पुसा. दुसऱ्या दिवशी गार स्टार्टपासून सुरुवात करा: थोडा आयडल, थोडी शहरातली रहदारी, बायपासवर वीसेक मिनिटं एकसारख्या वेगाने, आणि परत घाट. ॲपमध्ये सेन्सर, हीटर आणि कॅटचे मॉनिटर (ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या) पूर्ण झालेले दिसले पाहिजेत, आणि शंभरेक किलोमीटरनंतर लाँग टर्म ट्रिम ±५ च्या आत (इथेनॉलची सूट वर सांगितली आहे). तो नव्या सेन्सरवरही +२० कडे चढायला लागला, तर डाउनपाइपचं गॅस्केट उघडा.